शांततेत वाजलेल्या टाळ्या

भर सभागृहात माझ्यावर डोळे वटारलेस ते वटारलेस, वर फोनवर सांगतेस की ब्र्नोच्या कार्यक्रमाला येऊ नकोस!

आनेश्का, माझ्या सोन्या, मैफलीतलं जुन्या काळचं ते पहिलं तुम्ही सगळ्यांनी झकास वाजवलंत. मग ते नवं, दारं करकरल्यासारखं सुरू झालं आणि मधेच सगळ्यांचे गज हवेत थांबले. व्हायोला खांद्याला लावून तू पुतळ्यासारखी बसलीस. मला वाटलं, पोर विसरली. लहानपणी नाताळात चर्चमध्ये अशीच अडली होतीस, तेव्हाही मीच टाळ्या पिटून तुला सावरलं होतं. तशाच आताही पिटल्या. शेजारची यित्का कुजबुजली, "अगं बाई, ती शांतता कागदावर लिहिलेली आहे!" मी म्हटलं, "लिहायला काय जातंय? पोरीचा चेहरा बघ की!"

ब्र्नोला मी येणारच. कुठे थांबता ते आधी सांग, हात मांडीखाली दाबून बसेन. चुकलीस मात्र, तर टाळ्या वाजणार.

हे पत्र मी एवढ्यात पोस्टात टाकणार नाही. आधी तुझं येऊ दे. आणि तूच लिही, आईला लिहायला लावू नकोस. ती तुझ्या वतीने माफी मागून मोकळी होते.

तुझी,
व्लास्ताआजी