आर्गॉनचं द्रव

लातूर,
११ सप्टेंबर २०२५

चि. सुकन्या,

मामाचे आशीर्वाद. इकडे ठीक आहे. तुझी मामी अजून तुझ्या वाटणीची भाकरी थापते आणि ती मला संपवावी लागते. तुझं आईकडे निलंग्याला जाणं माझ्या पोटावर दिसू लागलंय.

आज अकरावीच्या तुझ्या वर्गावर मला पुन्हा ऑफ तास आला. संस्कृतच्या माणसाला सायन्सवर पाठवणं म्हणजे पुजाऱ्याला मोटार दुरुस्तीला बोलावणं. तू इथं होतीस, त्या दिवशीही तेच झालं होतं. साहेबरावनं विचारलं, "सर, नोबल गॅसेस खोलीच्या तापमानाला गॅसच का राहतात?" मी ऐटीत म्हणालो, "कुणाशी जोडलेच जात नाहीत, मग द्रव कसे होतील?"

तू उठलीस. "सर, पण लई गार केल्यावर आर्गॉनचं द्रव होतंय की."

"तुमच्या निलंग्यात होत असेल," मी म्हणालो. वर्ग हसला. मीही.

तुझं रसायनशास्त्राचं पुस्तक इथंच राहिलंय. परवा उघडलं. बाहेरची कक्षा भरलेली, म्हणून अणू सुटे. इथवर मी बरोबर. पण सुट्या अणूंनाही एकमेकांची किंचित ओढ असते. इतकी क्षीण, की खोलीची साधी ऊबही त्यांना लांब ठेवायला पुरते. ती ऊब काढून घेत उणे एकशे शहाऐंशीपर्यंत उतरलं, की आर्गॉन द्रव. शेजारी तू पेन्सिलनं लिहिलंयस, 'मामांना घरी दाखवायचं.'

दाखवायला तुला वेळच मिळाला नाही. त्याच संध्याकाळी तुझ्या आईला माझा फोन गेला. "शिवगंगा, पोरीचं ध्यान न्हाई अभ्यासात. उलटून बोलती म्हणून मास्तर लोकांची तक्रार हाय. घेऊन जा."

दुसऱ्या कुणाही शिक्षकाची तक्रार नव्हती. होती ती माझी.

आज तुझं उत्तर वर्गाला तुझ्या नावानिशी सांगितलं. साहेबराव म्हणाला, "मग तिला कशाला जाऊ दिलं, सर?" मी फळा पुसत राहिलो. फळ्यावर काही नव्हतं.

रविवारी साडेनऊच्या एसटीनं येतोय. बॅग भरून ठेव म्हणण्याचा हक्क मला नाही. परत यायचं की नाही, ते तू ठरव. हे पत्र आईला दाखवू नकोस, तिला मीच सांगणार. पण चहा घेता घेता मी पाऊसपाण्यावर बोलू लागलो, तर काही न बोलता हे माझ्यापुढं ठेव.

तुझा,
त्या दिवशी हसलेला
रामलिंगमामा