शिंपीणबाईंचं रोजचं भांडण

प्रिय आईस,
धाकटीचा वाकून नमस्कार. अक्षर पाहून घाबरू नकोस, डाव्या हातानं लिहितेय. बेकरीत भट्टीच्या दाराला उजवा हात भाजला. इस्पितळात जेवण वेळेवर मिळतं, भांडी घासावी लागत नाहीत. चैनच म्हण ना! तुझे गुडघे कसे आहेत?

शेजारच्या खाटेवर एक शिंपीणबाई आहेत. त्यांची नजर गेलीय. रोज सकाळी त्या काहीतरी पुटपुटतात. मला राहवेना. विचारलं, "प्रार्थना करता का?"

"छे गं, देवाशी भांडते. डोळे का नेलेस म्हणून विचारते."

"मग तो काय म्हणतो?"

"अजून तरी काही नाही. पण मी वाट्टेल ते बोलते आणि तो एकदाही उठून गेलेला नाही. माणसं मात्र उठून गेली."

"हे तुम्हाला कसं कळतं?"

"कुणी ऐकत असलं की कळतं. तू बोलून बघ."

काल पट्टी बदलताना बोटं हलेनात. मग उशीत तोंड खुपसून मीही देवाला चांगलं खडसावलं. खूप रडले, पण एकटं वाटलं नाही. आज एक बोट जरासं वाकलं. बाकीच्या बोटांचं डॉक्टर काही सांगत नाहीत. तरी उद्याही मी बोलणार आहे.

आई, बाबांच्या आजारपणात तू ओट्याशी उभी राहून पुटपुटायचीस. आम्हाला वाटायचं, आमच्यावरच चिडलीयस. तेव्हा तू त्याच्याशी बोलत होतीस का? खरं काय ते लिही.

तुझीच,
धाकटी