गेरूच्या दोन रेघा

प्रिय आक्का,

या हातांनी काय काय केलं ते तुला तोंडपाठ. पहिला ट्रान्झिस्टर, मग बॅटरी चार्जर, स्टॅबिलायझर, लग्नाच्या मांडवातले दोन ॲम्प्लिफायर आणि टीव्हीचे एकशे सतरा अँटेने. सातवी नापास माणसाचे हे हात. त्यातला सगळ्यात उंच तुझ्या म्हसवडच्या घरावर, भाऊबिजेची ओवाळणी म्हणून.

घराला आता कुलूप लागणार, म्हणून काल तो उतरवायला वर चढलो. वर जे दिसलं ते आधी तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगायचा अजून धीर नाही.

तू शिडीवरून पडलीस त्याला आज पंधरा दिवस झाले. मिरच्या वाळत घालायला चढली होतीस, असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून बसलो. तुझा प्रकाश फौजेतून रजेवर आला, तेराव्याला मला म्हणाला, "मामा, आई लय हट्टी. या वयात शिडी कशाला चढायची?" मी मान डोलावली.

वर एकही मिरची नव्हती, आक्का. पाइपला छातीएवढ्या उंचीवर लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, हात सटकू नये म्हणून. आणि गेरूच्या दोन रेघा. एक पाइपवर, एक भिंतीवर. पाइप फिरवून मी दोन्ही जुळवल्या, खाली येऊन टीव्ही लावला. चित्र लख्ख. एक मुंगी नाही. मीटर लावूनही मला याहून नेमकी दिशा सापडली नसती.

शेजारच्या हौसाबाई दारात आल्या. "तुमास्नी ठावं न्हाई व्हय? वारं सुटलं की तुमचा दांडा फिरायचा. मग बातम्यांच्या आदी ही वर. पोरगं सरहद्दीवर, एक दिस बातम्या चुकवायची न्हाई."

"मग मला का नाही कळवलं?"

"म्या म्हनलं की, भावाला पत्र टाक. तर म्हनती कशी, ओवाळणीला कुनी नावं ठिवतं व्हय गं?"

मी पुन्हा वर चढलो आणि पाइपची पकड बघितली.

अँटेनाच्या काड्यांची लांबी मी मिलिमीटरपर्यंत मोजली होती. दुसऱ्याच्या कामात फरक दिसला तर चारचौघांत वाभाडे काढणारा मी. आणि पाइप भिंतीला धरायला क्लॅम्प एकच! दोन लागतात, शिवाय आरपार बोल्ट. दिशा नंतर बारीक जुळवू, मग आवळू, म्हणून तसाच ठेवला. त्या 'नंतर'ला चार वर्षं झाली. माणच्या उघड्या माळाचं वारं मला काय नवीन होतं? एकदा उभा केला की जन्मभर फुकट चित्र, असं मी गावोगाव सांगायचो. फुकट!

तू रागवायचं होतंस गं. लहानपणी मी सायकलच्या चेनमध्ये बोट घातलं तेव्हा सणसणीत थोबाडीत दिलीस. तो हात मोठेपणी कुठं गेला? मी कारागीर झालो म्हणून मला जपत बसलीस?

एकशे सोळा घरं उरलीत. कडेगावपासून सुरू करतो. प्रत्येक पाइपला दुसरा क्लॅम्प आणि बोल्ट, स्वतः वर चढून.

पण ते सोपं आहे. प्रकाश परवा निघतोय. आई हट्टी होती, हे मनात घेऊन मी त्याला गाडीत बसू देणार नाही. उद्या त्याला समोर बसवून सगळं सांगेन, वचन देतो. क्लॅम्पचं सांगेन. आणि गेल्या भाऊबिजेचंही. मला ओवाळून झाल्यावर तू हळूच म्हणालीस, "बापू, गल्लीत केबल आलीया. घिऊ का? पैसं माझं मी भरती." आणि "माझा अँटेना घरावर असताना?" म्हणत मी भरल्या ताटावरून उठलो. आकड्यासकट सांगेन, आक्का. केबलचे महिना साठ रुपये.

तुझा धाकटा,
बापू