टेलरच्या पाण्याची जबाबदारी

६ एप्रिल, सोमवार
वही फार उशिरा उघडतोय, माफी असावी. हातच चालत नव्हता. शेजारच्या टेलरला, माझ्या जुन्या दोस्ताला, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. आजपासून रेडिएशन. वहिनींचे गुडघे धरलेले, मुलाची नोकरी, म्हणून न्यायचं-आणायचं मी अंगावर घेतलं. वहिनी म्हणाल्या, भावजी, तुमचंच बीपी जागेवर नसतं. मी म्हटलं, मी खंबीर आहे. हॉस्पिटलच्या पायरीवर घेरी आली. उकाडा होता.

७ एप्रिल
मशीनवर मूत्राशय भरलेलं लागतं. टेक्निशियन बाई म्हणाल्या, मी सांगेन तेव्हाच पाणी प्यायचं. मी एसटी डेपोत टाइमकीपर होतो. मला वेळ शिकवतात. उद्यापासून घरूनच पाजून निघायचं. मीही पिणार. दोस्ताला एकट्याला कसं पाजायचं?

८ एप्रिल
प्यायलो दोघंही. पोचल्यापासून मी लघवीला आत-बाहेर. माझं चालतं, मला कुठे मशीनवर जायचंय. टेलर मांडीवर मांडी आवळून बसला होता. म्हणाला, लेका, तुझ्या डेपोतल्या गाड्या वेळेआधी रिकाम्याच सुटत असतील. विनोद करतोय म्हणजे धीर आलाय. माझ्यामुळे.

१० एप्रिल
मशीन बिघडलं. टेलर म्हणाला, जाऊन येतो. मी म्हटलं, धर, सगळा मनाचा खेळ आहे, आत्ता नंबर येईल. पुन्हा म्हणाला. मी हात धरून बसवला.
पँट भिजली.
मी लगेच मोठ्यांदा सांगितलं, बाटली सांडली, बाटली. ज्यांचं लक्ष नव्हतं तेही वळले. जन्मभर लोकांच्या पँटी शिवल्या त्याने. कडक इस्त्रीशिवाय दुकानात बसला नाही. मी पेपर दिला पुढे धरायला. बाई म्हणाल्या, आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा. गर्दी झाली होती.
रिक्षात टेलर तोंड फिरवून बसला. दमला असेल.

१२ एप्रिल, रविवार
आज मशीनला सुट्टी. टेलरकडे गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, झोपलेत. आतून शिलाई मशीन चालल्याचा आवाज. वहिनीच शिवत असतील. पण त्या तर दारात होत्या. असो.
उद्यापासून बाईंना विचारूनच पाणी. पक्कं.

१३ एप्रिल, दुपार
वेळेवर गेलो. कुलूप. वरची काकू म्हणाली, मुलाने रजा काढली, तोच नेतो आता. मला विश्रांती मिळावी म्हणून केलं असणार. बरंच झालं.
जेवण गेलं नाही. गॅलरीत गेलो, परत आलो, परत गेलो. रिक्षा थांबली की उठतो. दुसऱ्याच कुणाची असते.
टेलर, मशीन चालू होतं का आज? जाऊ दिलं का तुला वेळेवर? मला नेऊ नकोस, हरकत नाही. मी तोंडही उघडणार नाही. पण बरा आहेस एवढा निरोप धाड. वहिनींकडून, मुलाकडून, कसाही. लवकर धाड, मी घरीच आहे.