लाल खडा माझ्या कपाटात

३ मार्च
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाळ गाढ झोपलं होतं, त्याचा काही दोष नाही. सासूबाईंनी काल तो लाल खडा आणून माझ्या कपाटात ठेवला. "आपल्या पेपरच्या वाढदिवसाला तू घालायचा. मुलगा झालाय ना तुला." जी सून घालते ती वर्ष काढत नाही म्हणतात. चुलतसासू नदीत बुडाल्या, त्यांच्या गळ्यात हाच होता. सगळ्या गावाला ठाऊक आहे. गावाला कुणी सांगितलं? यांच्याच पेपरनं.

४ मार्च
भीती वाटते तरी हात तिकडेच जातो. दुपारी दार लावून बाहेर काढला. बाळाच्या पायाच्या अंगठ्याएवढा. गार. खिडकीत धरला तर भिंतीवर लाल ठिपका नाचायला लागला, बाळ तो पकडायला रांगत गेलं. मी पण हसले. एवढ्याशा दगडाला माणूस मारायला जमतं कसं?

६ मार्च
जाऊबाईंना विचारलं, तुम्ही का नाही घातला?
"मला मुली झाल्या, सुटले."
मग म्हणाल्या, "तू यांच्याच छापखान्यात गठ्ठे बांधायचीस. धाकट्या भाऊजींना आवडलीस म्हणून वर आलीस. तुला नाही म्हणता येतं का?"
खरंच येत नाही. हे परदेशात, नवीन मशीन बघायला.

८ मार्च
संपादककाका फोटो काढून घ्यायला आले होते. खडा गळ्यात, बाळ मांडीवर. मी विचारलंच — खरंच मारतो का हो?
"सूनबाई, खडा कुणाला मारत नाही. खप वाढवतो."
मग सांगत बसले. मोठ्या माणसांचा मृत्युलेख ती जिवंत असतानाच लिहून ठेवतात म्हणे.
"माझा पण आहे?"
चष्मा पुसत बसले. "घरातल्या सगळ्यांचा असतो. माझाही आहे."
"माझं शिक्षण लिहाल तर अर्धी ओळ पण भरायची नाही."
ते हसले नाहीत.

९ मार्च
आज समारंभ. सासूबाई सकाळीच बाळाला घेऊन गेल्या. "पाहुण्यांना दाखवते."
दुपारी जिन्याजवळचा फोन वाजला. मीच उचलला.
"मोठ्या वहिनी ना? मुद्रितशोधक बोलतोय. वाईट झालं हो. बाळ अजून अंगावर पितं ना?"
मी नुसतं हं म्हटलं.
"धाकट्या वहिनी मागच्या जिन्यावरून पडल्या की पुढच्या? बातमीत दोन्ही आलंय. लांबच्या गावांचं पान आत्ता छपाईला सोडायचंय, म्हणून."
"मागच्या," मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.
फोन ठेवला आणि तिथंच बसले. धाकटी वहिनी म्हणजे मीच. लांबच्या गावांचे गठ्ठे आधी निघतात, मीच बांधायचे. त्यांचं पान दुपारीच लागतं. समारंभ तर संध्याकाळी आहे. घाईत बातमी आधी दिली गेली.
गळ्यातला खडा काढून कपाटात टाकला. बिचारा दगड. त्याला काय कळतंय?

९ मार्च, संध्याकाळ
जिन्याजवळचा फोन काढून नेलाय. बाळ अजून खालीच, त्याला टाकून मी कुठं जाऊ? हे पान फाडून मळक्या दुपट्यात गुंडाळतेय. धुणं न्यायला बाई येईल. जो कुणी वाचेल त्यानं माझ्या भावाला फोन करा, नंबर मागे लिहिलाय. पेपरात काही का आलेलं असेना, आधी फोन करा.