डोळे मिटून घेतलेलं माप

४ जानेवारी, शनिवार
आज चर्चच्या तरुण संघात माझं व्याख्यान. विषय: लग्नाआधी संयम. पाळकसाहेबांनी तो मलाच दिला, कारण मंडळीत एवढा अनुभवी दुसरा कोणी नाही. इतकी वर्षं थांबलोय, एकदाही पाय घसरला नाही. आई म्हणते, घसरायला कोणी ओलं केलं होतं का. आईला आध्यात्मिक गोष्टी कळत नाहीत.
बोललो झकास. मोह डोळ्यांतून आत शिरतो, डोळे सांभाळा, बाकीचं प्रभू सांभाळतो. माईक मधेच दोनदा बंद पडला. साउंडवाल्या पोराचं लक्ष नव्या कीबोर्डवालीकडे होतं. त्याला या विषयाची फार गरज आहे.
कीबोर्डवाली मात्र डोळे बारीक करून माझ्याकडेच बघत होती. ठराव: तिला माझ्यामुळे अडखळण होऊ द्यायची नाही. कायम दोन खुर्च्यांचं अंतर.

७ जानेवारी, मंगळवार
कीबोर्डवाली आमच्या चष्म्याच्या दुकानात. या रस्त्यावर चष्म्याची आणखी दुकानं आहेत, तरी इथेच. म्हणाली, नोटेशन दिसत नाही, लांबचे चेहरे धूसर दिसतात. डॉक्टरांकडून नंबरही काढून आणला होता. बहाण्याची तयारी पक्की.
फ्रेम निवडली. मग दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं. त्यासाठी नाकावर पट्टी धरून समोरच्याच्या डोळ्यांत थेट बघावं लागतं. शनिवारीच काय बोललो होतो ते आठवलं. शब्दाला जागलो. डोळे मिटले आणि अंदाजानं आकडा लिहिला. या धंद्यात केस पांढरे झालेत, म्हणजे झाले असते. चुकणार नाही.

१४ जानेवारी
चष्मा घेऊन गेली. पैसे घेताना मी कॅलेंडरकडे बघत होतो.

१८ जानेवारी, शनिवार
कीबोर्डवालीचं लक्ष उडालंय. प्रत्येक गाण्यात सूर चुकला. पायरी चुकली. बिस्किट घ्यायला गेली तर हात बशीशेजारी पडला. नंतर कपाळ दाबून बसली. मला सगळं समजतं. वाईटही वाटतं.
उपासना संपल्यावर जवळ आली. म्हणाली, "दादा, तुमच्याशी जरा एकट्यात बोलायचं होतं." मी पाळकबाईंच्या आडोशाला गेलो आणि त्यांच्याबरोबरच बाहेर पडलो.

२२ जानेवारी
तिचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला. हात शिवशिवायला लागला म्हणून फोन पिठाच्या डब्यात ठेवला. आईनं पोळ्या करताना शोधून काढला. अर्धा तास मला बोलत होती, त्यात प्रभूचं नाव बरेचदा आलं.

२५ जानेवारी, शनिवार
दुपारी ती दुकानात आली. मी मागच्या खोलीत काचा घासायच्या मशीनमागे. दुकानाच्या मालकांनी तिला सांगून टाकलं, सोमवारी या, कुठे जातोय तो.
शांतपणे विचार केला. संयम लग्नापर्यंतच करायचा असतो. म्हणजे उपाय समोरच आहे. संध्याकाळी पाळकसाहेबांना सहज विचारलं, एखाद्या बहिणीला ताटकळत ठेवणं पाप का? म्हणाले, कशासाठी ताटकळतेय त्यावर आहे. हा होकारच.

२६ जानेवारी
सूट काढला. बटण लागत नाही, कापड आटलंय. केसांना रंग लावला. थोडा कानाला लागला.

२७ जानेवारी, सोमवार
आली. बरोबर साउंडवाला. मला वाटलं, साक्षीदार म्हणून आणला असेल. पोरगी रीतभात जाणणारी.
म्हणाली, "चष्मा लावला की सगळं दोन-दोन दिसतं. डोकं फुटायची वेळ आलीय. चारचौघांत तुम्हाला कमीपणा नको, म्हणून एकट्यात सांगणार होते."
साउंडवाल्यानं माझे आभार मानले. व्याख्यान ऐकून दोघांनी लग्नापर्यंत थांबायचं ठरवलं. आणि थांबवेना, म्हणून लग्नाची तारीख अलीकडे ओढली. पुढच्या महिन्यात आहे. तोवर तिला नीट दिसायला हवं.
मी म्हटलं, हो, दिसायला तर हवंच.
मालकांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि बाजूलाच उभे राहिले. या खेपेला डोळे उघडे ठेवून मोजलं. तिचे डोळे तपकिरी आहेत. बुबुळात मीही दिसलो, एवढासा. पहिलं माप चांगलंच चुकलं होतं. मालकांनी नुसता सुस्कारा टाकला.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

३१ जानेवारी, शुक्रवार
नव्या काचा बसवून दिल्या. तिनं चष्मा घातला आणि भिंतीवरचा तक्ता वाचला, शेवटच्या बारीक ओळीसकट. मग माझ्याकडे वळून नीट बघितलं. बराच वेळ. मी पोट आत घेतलं.
म्हणाली, "अय्या, सॉरी हं. मी इतके दिवस तुम्हाला दादा म्हणत होते. थँक्यू, काका."
माप अगदी बरोबर आलंय. यात शंका नाही.