शिंदीखान्याची पाटी

देवगाव रंगारी,
पौष वद्य पंचमी, फसली १३४१

चि. रामकिसन यास पुंजारामदादाचे आशीर्वाद. आम्ही इथं खुशाल आहोत. तुलाही सोयगावची सासुरवाडी मानवली असेलच, जावईबापू! तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे.

आपला शिंदीखाना जोरात चाललाय. थंडी चांगली पडली, झाडं लई पाझरतात. सकाळची शिंदी अशी गोड, की तू असतास तर पहिलं मडकं कुणाला दिसलंच नसतं.

जाऊ दे, खोटं लिहून काय करू? दुकान बसलंय. तू भांडून गेलास त्या दिवसापासून गावात एक माणूस माझ्याकडं पीत नाय. सकाळची शिंदी दुपारी आंबते, संध्याकाळी नाकाजवळ नेववत नाय. मग ओतून देतो.

आपल्याच दुकानाचा कायदा माझ्या गळ्याशी आलाय. भांडलेली माणसं एका बाकावर बसेपर्यंत दोघांनाही शिंदी नाय. बांधाची, सोयरिकीची किती भांडणं ह्या कायद्यानं मिटली! आता तात्यासाहेब पाटील सगळ्यांदेखत म्हणाले, "पुंजाराम, गिऱ्हाइकाला एक कायदा आन् मालकाला दुसरा व्हय? भावाला आण, मग पितो." झालं, सगळे उठले. रहीमभाई गाडीवान तर थेंबाला शिवत नाय, नुसता बैल सोडून गप्पा मारायला येतो. त्यानंही बैल पलीकडं नेऊन बांधले. म्हणलं, "अहो, तुम्ही कशाला?" तर म्हणतो, "हम गाँव के साथ हैं, भई." घ्या!

आणि भांडण तरी कशाचं, तर पाटीचं. नव्या पाटीवर मी आज्याचं नाव घालायला सांगत होतो. शिंदीखाना आज्यानं उभा केला, कायदा आज्यानं घातला, असं छाती काढून बोलत होतो. तू मधीच म्हणालास, "दादा, आजा झाडाखाली पडलेला असायचा. दुकान आजीनं चालवलं." आणि मी चार लोकांत तुझ्या थोबाडीत मारली.

रामा, तुझं खरं होतं. तू फक्त ऐकलंस, मी डोळ्यांनी पाहिलंय. आवडाआजी पदर खोचून झाडाखाली उभी राहायची, मडकी उतरवून घ्यायची, दांडगट गिऱ्हाइकाला दम भरायची. कायदाही तिचाच. तिचे दोन भाऊ विहिरीवरून भांडले आणि न बोलताच एक मेला. दुसरा आपल्या दुकानात येऊन रोज प्यायचा आणि रडायचा. ते बघून तिनं हे ठरवलं.

मला सगळं ठाऊक होतं रे. पण मला आजा लई प्यारा होता. खांद्यावर बसवून खुलताबादच्या उरुसाला मला तोच न्यायचा. मेल्यावर तरी लोकांनी त्याला दारुडा म्हणू नये, एवढंच मला पाहिजे होतं. तेवढ्यापायी जितंजागतं माणूस घालवून बसलो.

पाटीवर आता "आवडाबाई कलाल" लिहून घेतलंय. बाईच्या नावाचा शिंदीखाना बघून पाटी रंगवणारा हसला. मी म्हणलं, हस बाबा.

तात्यासाहेब म्हणतात, रामकिसन घटकाभर बाकावर बसून परत गेला तरी गाव प्यायला लागेल. मला नाय चालायचं तसं. गाव प्यालं काय न् नाय काय, मला त्याची फिकीर उरली नाय. तुझी वहिनी रोज तुझं ताट वाढते, मग उचलून ठेवते आणि माझ्याशी चकार शब्द बोलत नाय. मला घर खायला उठतं. तुझ्याशिवाय मला करमत नाय, रामा.

परवा मी निघतोय. रहीमभाईनं गाडी जुंपायचं कबूल केलंय. तुझ्या सासऱ्याच्या दारात, गल्लीतले चार लोक गोळा करून माफी मागणार आहे. मारलं चार लोकांत, तर मागायचीही चार लोकांतच. तू घरी चल म्हणून गळ घालणार नाय. फक्त आतल्या खोलीत जाऊन बसू नको. दारात येऊन उभा राहा.

तुझ्याशिवाय ज्याला कुणी दादा म्हणत नाय, तो
पुंजाराम